गॅलरीतला अरबी समुद्र

क्रॉफर्ड मार्केट, डोंबिवली आणि बँडस्टँडचे खडक... जेमतेम एक मिलिमीटरच्या जिवापायी घडलेली मुंबईची एक हटके सफर!

रविवारी सकाळी साडेदहा वाजता शहाणी माणसं एकतर झोपलेली असतात, नाहीतर लोणावळ्याच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात. मी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास असतो. शॉपिंगला नाही, माशांसाठी. आणि खायच्या माशांसाठी तर मुळीच नाही.

महात्मा जोतिबा फुले मंडई हे तिचं आजचं नाव, इमारत १८६९ची. दर्शनी भागावरचं कोरीवकाम लॉकवूड किपलिंग यांनी केलेलं, म्हणजे मोगलीवाल्या किपलिंगच्या वडिलांनी. पण आपण वर बघतो कुठे? आपली नजर खाली, दुकानांच्या दारात टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर. प्रत्येक पिशवीत थोडं पाणी, भरपूर हवा आणि एक गोल्डफिश. लहान मुलं बापाचा हात ओढतायत, बाप भाव करतोय. सगळं एकदम मस्त, घामट आणि गोंगाटी.

खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान मात्र वेगळं असतं. आत अंधार, निळे दिवे, ज्वेलरी शोरूमसारखी शांतता. अशाच एका दुकानात गेल्या सप्टेंबरमध्ये मला तो दिसला. मँडरिन. बोटाएवढा मासा. निळ्याशार अंगावर नारिंगी आणि हिरवी वेलबुट्टी, एखाद्या पैठणीवाल्याने रात्रभर जागून काढल्यासारखी. चीनमधल्या मँडरिन अधिकाऱ्यांच्या भरजरी झग्यांवरून त्याला हे नाव पडलं. राहणार मूळचा पॅसिफिकचा, जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांत. त्याची एक गंमत म्हणजे, निसर्गातला बहुतेक निळा हा खरा रंग नसतोच, ती प्रकाशाची चलाखी असते. मोरपिसाचा निळासुद्धा तसलाच. या पठ्ठ्याच्या कातडीत मात्र खराखुरा निळा रंग भरलेल्या पेशी असतात. असे प्राणी अगदी मोजके.

मी काचेला नाक लावून उभा. दुकानदार म्हणाला, ‘‘साब, ये सूखा नहीं खाता. जिंदा खाना चाहिए इसको.’’

‘‘हां हां, पता है,’’ मी म्हणालो.

काहीही पता नव्हतं. घरी तीन फुटी टँक होता, चार महिने जुना, त्यात दोन क्लाउनफिश सुखाने नांदत होते. लोअर परळच्या ऑफिसात दिवसाचे दहा तास एक्सेल शीट बघणाऱ्या माणसाला तेवढंच पुरेसं असतं आपण एक्सपर्ट आहोत असं वाटायला. दोन वीकेण्डच्या पार्टीचे पैसे मोजले, पिशवी मांडीवर घेतली आणि मुलुंडची लोकल पकडली. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘खरा आहे?’’ कॉलर टाइट!

पहिला आठवडा झक्कास. मँडरिन दगडावरून दगडावर हेलिकॉप्टरसारखा तरंगायचा, मध्येच थांबायचा, मान वाकडी करून दगडाकडे बघायचा आणि टुचकन काहीतरी टिपायचा. काय टिपतोय ते मला दिसत नव्हतं. मी टाकलेल्या दाण्यांकडे तो ढुंकून बघत नव्हता. फ्रोझन खाणं दिलं, ते त्याच्या नाकासमोरून वाहत गेलं. तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट आत गेलं आणि डोक्यामागे खळगा दिसायला लागला. मासा दिवसभर खातोय असं दिसत होतं, आणि तो उपाशी मरत होता.

तेव्हा कुठे मी वाचायला बसलो. तो टिपत होता ते कॉपेपॉड. झिंगे-खेकड्यांच्या खानदानातला सगळ्यात चिल्लर मेंबर. बहुतेक जाती एक-दोन मिलिमीटरच्या आतबाहेर, कित्येक त्याहूनही लहान. ग्रीकमध्ये ‘कोपे’ म्हणजे वल्हं आणि ‘पोद’ म्हणजे पाय, थोडक्यात वल्हेपाया. नोंद झालेल्या जाती दहा हजारांहून जास्त. काही खुल्या पाण्यात तरंगणाऱ्या, काही तळाशी आणि दगडांवर सरपटणाऱ्या. मँडरिनला हे दुसरे हवेत, जिवंत हवेत आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हवेत. त्याचं पचनच तसं. दोन वेळा ताट वाढलं की झालं, असा मामला नाही. तो चरतो. आणि माझ्या चार महिन्यांच्या टँकमधलं कुरण त्याने तीन आठवड्यांत साफ केलं होतं.

ऑफिसातल्या एका कलीगने कॉफी मशीनपाशी माझं रडगाणं ऐकलं. म्हणाली, ‘‘माझे एक काका आहेत डोंबिवलीत. ते असलं काहीतरी पाळतात. घरचे जाम वैतागलेत.’’

रविवार, म्हणजे मेगाब्लॉक. मुलुंड ते डोंबिवली हे एरवीचं अर्ध्या तासाचं अंतर, त्या दिवशी सव्वा तास. स्टेशनबाहेर पडलो, रिक्षा केली आणि एका तीनमजली सोसायटीसमोर उतरलो. जिन्यातच वास आला. फिश मार्केटचा नव्हे, अलिबागच्या बोटीतून उतरताना येतो तो, ओल्या खडकांचा.

काका एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेले. त्यांची गॅलरी म्हणजे लॅबच. एका बाजूला कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या ओळीने, प्रत्येकीत हिरवंगार पाणी, प्रत्येकीच्या मागे ट्यूबलाइट. दुसऱ्या बाजूला काचेच्या मोठ्या बरण्या आणि पाण्याचे वीस लिटरचे जार, जुन्या चादरीने अर्धवट झाकलेले. एक छोटा एअर पंप घुर्रर्र करत होता आणि त्यातून निघालेल्या बारीक नळ्या सगळीकडे, आयसीयूसारख्या. कपडे वाळत घालायच्या दोरीवर मोजे नव्हते, जाळ्या होत्या.

‘‘माझ्या लोणच्याच्या बरण्या होत्या त्या,’’ आतून काकूंचा आवाज. ‘‘लोणचं आता विकत आणते मी!’’

काकांनी तिकडे सराईतपणे दुर्लक्ष केलं. ‘‘मासा कधी आणलास?’’

‘‘तीन आठवडे झाले.’’

‘‘आणि टँक किती जुना?’’

‘‘चार महिने.’’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘उलटं केलंस रे. आधी गोठ्यात चारा, मग दावणीला बैल.’’

मग त्यांनी एक काचेचा ग्लास बरणीत बुडवून भरला आणि मागून टॉर्च लावला. ‘‘बघ. हलू नकोस, बघत राहा.’’ आधी नुसतं पाणी दिसलं. मग धूळ. मग त्यातली धूळ चालायला लागली! काचेवरून पांढरट ठिपके टुणटुण सरकत होते, थांबत होते, उलटे फिरत होते. काकांनी दिलेल्या भिंगातून बघितलं तर प्रत्येक ठिपका पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, मागे दोन बारीक शेपट्या आणि काहींच्या पोटाशी अंड्यांची गाठोडी. ही टिस्बे नावाची जात. नवशिक्यांसाठी बेस्ट. फार नखरे नाहीत, उरलंसुरलं खाते, आणि दहा-पंधरा दिवसांत एक पिढी तयार. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा वेळा रूप पालटतं, मग आणखी पाच, आणि मग मोठं होतं. प्रत्येक वेळी जुनं कवच टाकून नवं. ‘‘आपल्याला एक प्रमोशन मिळताना नाकी नऊ येतात,’’ काका म्हणाले.

पाणी म्हणजे फिल्टरचं आरओ पाणी. मीठ म्हणजे टँकचं मीठ, स्वयंपाकातलं नव्हे. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. पाणी उन्हाने आटतं पण मीठ आटत नाही, म्हणून पातळी उतरली की वर गोडं पाणीच घालायचं. हवेच्या नळीला तो सच्छिद्र दगड लावायचा नाही, कारण बारीक बुडबुड्यांत हे जीव अडकतात. सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे पुरेत. आणि हिरव्या बाटल्यांतली शेती हा त्यांचा चारा, नॅनोक्लोरॉप्सिस नावाचं एकपेशीय शेवाळ. पेशी दोन ते पाच मायक्रॉनची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत वीसेक सहज मावतील. त्याला खत लागतं, सोळा तास उजेड लागतो, रोज बाटली हलवावी लागते. कॉपेपॉडांच्या बऱ्याच जातींना दुसरं जास्त पौष्टिक शेवाळ, आयसोक्रायसिस किंवा टेट्रासेल्मिस, आवडतं. काकांकडे एका कोपऱ्यात तीही बाटली होती, किंचित तपकिरी.

इथे मला एक बाळबोध प्रश्न पडला. बाजारात आर्टेमियाची, म्हणजे ब्राइन श्रिम्पची अंडी डब्यात मिळतात. मिठाच्या पाण्यात टाका, दीड दिवसात पिल्लं तयार. मग हा सगळा उपद्व्याप कशाला? काका म्हणाले, ‘‘वडापाववर जगता येतं का? येतं. पण किती दिवस?’’ माशांच्या मेंदू-डोळ्यांना लागणारं डीएचए नावाचं मेदाम्ल त्या पिल्लांत जवळजवळ नसतंच. कॉपेपॉडांत ते ठासून भरलेलं असतं. समुद्रातल्या बहुतेक माशांची पिल्लं आयुष्यातला पहिला घास याच कुळाचा घेतात.

निघताना त्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत अर्धा लिटर समुद्र भरून दिला. पैसे? ‘‘वाढलं की कुणालातरी दे,’’ एवढंच. आणि दारात थांबवून एक वॉर्निंग: ‘‘घरात डासांचं मशीन, स्प्रे, कॉइल लावता? पंप खोलीतलीच हवा ओढतो. ही सगळी औषधं किड्यांसाठी असतात आणि हे किड्यांचे सख्खे चुलत भाऊ. एका रात्रीत खलास.’’

मुलुंडमध्ये डासांच्या मशीनशिवाय ऑक्टोबर काढणं काय असतं, ते मुलुंडकरालाच विचारा. आईने पहिल्याच रात्री अल्टिमेटम दिला, एकतर ते किडे राहतील नाहीतर मी. तडजोड म्हणून बरणी न्हाणीघराच्या खिडकीत गेली आणि मशीन हॉलमध्ये राहिलं.

पण बरणी मशीनने मेली नाही. ती माझ्या प्रेमाने मेली. मासा उपाशी, मला घाई, म्हणून मी हिरवं पाणी ओतत सुटलो. जास्त चारा, जास्त पैदास, साधा मॅनेजमेंटचा फंडा! काकांनी सांगितलं होतं, पाण्याचा रंग पातळ पन्ह्यासारखा हवा, आणि ते निवळून पुन्हा स्वच्छ झाल्याशिवाय पुढचा घास द्यायचा नाही. माझं पाणी पालक सूप झालं होतं. पाचव्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर कुजका वास. न खाल्लेलं शेवाळ तळाशी सडलेलं, अमोनिया वाढलेला, ऑक्सिजन संपलेला. काचेवर टॉर्च मारला. धूळ होती, पण ती चालत नव्हती.

मंगळवारी मी ऑफिसात एका प्रेझेंटेशनच्या तेराव्या व्हर्जनवर काम करत होतो, तेव्हा आईचा मेसेज आला. ‘तो रंगीत मासा आडवा पडलाय.’ घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ झाले होते. निळा रंग तसाच होता. त्याची लढाई मी पाहिलीच नाही, कारण त्याने ती केलीच नव्हती. तो शेवटपर्यंत दगडाकडे मान वाकडी करून बघत असणार. मी त्याला सोसायटीच्या मागच्या जास्वंदीखाली पुरलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. काकांनाही नाही, दोन आठवडे.

मग फोन केला. पलीकडून एक सेकंद शांतता, आणि मग, ‘‘या रविवारी ये. दोन बाटल्या देतो. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नसतात.’’ आणि मग जरा थांबून, ‘‘त्याच्या आधी एकदा समुद्र बघून ये. नीट. खाली बसून.’’

म्हणून बँडस्टँड. तिथे मी आधी शंभर वेळा गेलो असेन, पण समुद्राकडे पाठ करूनच. समोर स्टारचा बंगला, हातात भुट्टा, बाजूला जी कोण असेल ती. या वेळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. या दिवसांत मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि ओहोटी अशी की पाणी पार लांब जातं. काळा बेसाल्ट उघडा पडतो आणि खळग्याखळग्यांत पाणी साचून राहतं. मागे सी-लिंकवर दिवे लागत होते. जोडपी छत्रीआड. आणि मी जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून एका खळग्यावर ओणवा! एका जोडप्याला वाटलं, माझं काहीतरी हरवलंय. त्यांनी मोबाइलचा टॉर्च पाडून मदत केली.

आणि टॉर्चच्या उजेडात ती चालणारी धूळ दिसली. इथे, बँड्रयात, पावावर लावायच्या लोण्याएवढ्या पाण्यात. कुठल्या जातीची ते मला सांगता येणार नाही, पण चाल तीच. जरा डोकं चालवलं तर भन्नाट प्रकार आहे हा. दुपारी उन्हाने हे डबकं तापतं, आटतं, खारटढोण होतं. जुलैत याच्यात धो धो गोडं पाणी पडतं. चोवीस तासांत दोनदा भरतीची लाट येऊन सगळं धुऊन जाते. आणि हे टिकून आहेत. मी यांना घरी, न्हाणीघरातल्या स्थिर तापमानात, पाच दिवसांत मारलं होतं.

मोह झाला, एक बाटली भरून न्यावी. नेली नाही. काकांनी बजावलं होतं. शहराच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी असतंच, शिवाय त्या बाटलीतून परजीवी येतात, हायड्रॉइड येतात, आणि एकदा का टँकमध्ये घुसले की निघत नाहीत. कॉपेपॉडांतल्याच काही जाती माशांच्या कल्ल्यांना चिकटून रक्तावर जगतात, तेव्हा नुसत्या खानदानावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. आणि प्रवाळाच्या तुकड्याला तर हातसुद्धा लावू नका. समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट एकमध्ये आहेत, वाघाच्या पंगतीला. बघायचंय? ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले २०१७ पासून याच शहराच्या खडकांवर लोकांना फिरवतायत. फुकट डोळे उघडून मिळतात.

परत येताना भूक लागली होती, वाटेत बांगड्याची थाळी खाल्ली. तेव्हा लक्षात आलं की बांगडा काय खातो? तोही पाणी गाळून हीच धूळ खातो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात खोलातलं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, शेवाळ फुलतं, त्यावर कॉपेपॉड फुलतात आणि त्यामागून तारली-बांगड्यांचे थवे येतात. तुमच्या ताटातल्या तिखल्याची सुरुवात तिथून होते. आणखी एक: यातले कित्येक जीव रोज रात्री समुद्राच्या वरच्या थरात चरायला येतात आणि पहाटे परत खोलात जातात, शत्रूला दिसू नये म्हणून. रोज! प्राण्यांची जगातली सगळ्यात मोठी ये-जा म्हणतात ती ही. कर्जत-कसारावाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

गोव्याला जाणाऱ्यांसाठीही एक टीप. दोना पावलाच्या जेटीवर सेल्फी काढून झाला की टेकडीवर जी संस्था आहे तिच्याकडे एकदा बघा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, स्थापना १ जानेवारी १९६६. त्याआधी १९६० ते ६५ या काळात अनेक देशांच्या बोटींनी मिळून हिंदी महासागर पिंजून काढला होता, आणि जाळ्यांत आलेलं प्लवंगांचं घबाड वेगळं करायला १९६३मध्ये कोचीत खास केंद्र काढलं होतं. वर्षानुवर्षं माणसं सूक्ष्मदर्शकाखाली हीच धूळ निवडत होती. तांदूळ निवडावेत तशी.

निवडण्यावरून आमची आजी आठवली. आठवली म्हणजे, ती घरातच असते. नोव्हेंबरात माझी दुसरी फेरी सुरू झाली, या वेळी दोन बरण्या आणि भरपूर संयम. एका रविवारी मी बेसिनवर बसून ५३ मायक्रॉनच्या जाळीतून बरणीचं पाणी गाळत होतो. पाणी खाली, जीव वर. आजी दारात येऊन उभी राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांची, मूळची मराठवाड्यातली.

‘‘काय गाळतोस?’’

मी भिंग दिलं. तिने बराच वेळ बघितलं.

‘‘हे तर आमच्या बारवेतले.’’

मला वाटलं, चेष्टा करतेय. तिने खुर्ची ओढली. गावात पायऱ्यांची विहीर होती, सगळे पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागर भरायचे. आणि गावात नारू होता. तिच्या थोरल्या भावाच्या घोट्यातून निघाला होता. पांढरा दोऱ्यासारखा जंत, हातभर लांब. ओढला आणि तुटला तर पाय जायचा, म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा. ऐन पेरणीत माणूस महिनाभर ओसरीवर. पुढे आरोग्य खात्याची माणसं आली आणि सांगून गेली की पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे असतात, नारूची पिल्लं त्यांच्या पोटात असतात, पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायचं नाही. त्या किड्याचं नाव सायक्लॉप्स. गोड्या पाण्यातला कॉपेपॉड. एकच डोळा, म्हणून ग्रीकांच्या एकाक्ष राक्षसाचं नाव. देशात नारूचा शेवटचा रुग्ण राजस्थानात १९९६मध्ये सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लस नाही, औषध नाही. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, पाण्यात कीटकनाशक टाकलं आणि लाखो बायकांनी पाणी गाळलं.

‘‘आम्ही गाळून फेकून द्यायचो,’’ आजी भिंग परत देत म्हणाली. ‘‘तू गाळून ठेवतोस. चालू दे.’’

(सायक्लॉप्सच्या भावकीतल्याच मेझोसायक्लॉप्सला व्हिएतनाममध्ये पाण्याच्या टाक्यांत मुद्दाम सोडतात, डेंग्यूच्या डासांच्या अळ्या फस्त करायला. हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, प्यायच्या पाण्यात नको. मुद्दा मान्य.)

आता आठ महिने झालेत. बरण्या चार आहेत, एक ऑफिसातल्या त्या कलीगकडे बॅकअप म्हणून. सकाळी ब्रश करताना टॉर्च मारून बघायचं, संध्याकाळी रंग निवळला असेल तरच दोन झाकणं हिरवं पाणी. आठवड्याला पाव भाग पाणी जाळीतून काढायचं, तेवढंच ताजं भरायचं. सगळा मिळून दिवसाचा दहा मिनिटांचा मामला. मध्ये एकदा रोटिफर घुसले, एका बरणीचा ताबा घेतला, ती सरळ फेकून धुऊन टाकली. एप्रिलमध्ये पारा चढला तेव्हा बरण्या फरशीवर, ओल्या टॉवेलात. टँकच्या बाजूला आता एक छोटी टाकी जोडलीय, तिच्यात केसाळ हिरवं शेवाळ आणि त्यात कॉपेपॉड, माशांच्या तोंडापासून लांब. तिथून ते थोडे थोडे मोठ्या टँकमध्ये ओघळत राहतात. रात्री लाइट बंद करून टॉर्च मारला की मोठ्या टँकची काच चालते. संपूर्ण काच.

मँडरिन अजून आणलेला नाही. गेल्या महिन्यात त्याच दुकानात गेलो होतो, एक होता. अंगाने भरलेला, सुंदर. दुकानदाराने ओळखलं नाही. तेच वाक्य म्हणाला, ये सूखा नहीं खाता. मी विचारलं, माल परत कधी येतो? डायरीत लिहून ठेवलंय.

आणि परवा एक फोन आला. नंबर काकांनी दिलेला. मुलगी कळव्याची, बीकेसीत जॉबला, आवाज कापत होता. शुक्रवारी रात्री साडेआठला ठाण्याच्या पुलाखाली भेटायचं ठरलं. स्टेशनात शिरताना बॅग तपासणाऱ्या पोलिसाने दोन लिटरची बाटली वर धरली. हे काय? पाणी, मी म्हणालो. त्याने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सोडून दिलं.

ती लॅपटॉपची बॅग छातीशी धरून उभी होती.

‘‘मासा कधी आणलात?’’ मी विचारलं.

‘‘दहा दिवस झाले.’’

‘‘आणि टँक?’’

‘‘पाच महिने.’’

बैलाचं वाक्य जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि बाटली पुढे केली. पाणी पन्ह्याच्या रंगाचंच ठेवा म्हणालो, घरी डासांचं मशीन आहे का विचारलं. तिने बाटली प्लॅटफॉर्मच्या ट्यूबलाइटसमोर धरली. मागून एक फास्ट धडधडत गेली.

‘‘यात काहीच नाहीये,’’ ती म्हणाली.

‘‘हलवू नका. बघत राहा.’’

ती बघत राहिली. इंडिकेटरवर अंबरनाथ लागलं, लोक सरकले, कुणीतरी तिला धक्का मारून पुढे गेलं. तिने बाटली खाली केली नाही.

‘‘अय्या,’’ ती म्हणाली.